२१ जुलै १९६९ : माणूस चंद्रावर उतरला, ते तुमच्या घरी कोणी 'पाहिलं' होतं का?

सांजवारा
नमस्कार मंडळी. आमच्या घरात एक वाद बरीच वर्षं चालू आहे. तो सुटायला तुमची मदत हवी आहे.

माझे थोरले मामा मूळचे वाईचे. १९६९ साली ते दहा वर्षांचे होते. नील आर्मस्ट्राँग शिडीवरून चंद्रावर उतरला ते आपण त्याच वेळी, टीव्हीवर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असं ते ठामपणे सांगतात. परवा घरी साखरपुडा होता, तिथे पुन्हा हा विषय निघाला. माझा भाऊ म्हणाला, "मामा, मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. वाईत टीव्ही आला कुठून?" मामा जेवताना थांबले. म्हणाले, "अरे, मला ती शिडी आठवते. खाली येणारा पाय आठवतो. आजूबाजूची माणसं चिडीचूप झाली होती तेही आठवतं." त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. ताटातली जिलबी तशीच राहिली.

मला ते फार लागलं. मामा थापा मारणारा माणूस नाही. पण भावाने सांगितलेली तारीखही खरी आहे.

म्हणून दोन प्रश्न. ज्यांना तो दिवस आठवतो किंवा ज्यांनी आईवडिलांकडून ऐकलंय, त्यांच्या घरी तेव्हा काय झालं? कोणाचा विश्वास बसला, कोणाचा नाही? आणि दुसरं, मामांनी नेमकं काय पाहिलं असेल?

कुंदा_नागपूर
छान धागा. वाचतेय. आमच्याकडे त्या दिवशीचा पेपर कपाटात जपून ठेवला होता, वाळवीने खाल्ला.

दादरचे_आजोबा
मी तेव्हा वीस वर्षांचा. दादरला चाळीत राहायचो. टीव्ही नव्हताच, सांजवारा, तुमचा भाऊ बरोबर बोलतोय. आमच्या मजल्यावर दोन रेडिओ होते, त्यातला आमचा मर्फी. तेव्हा रेडिओला परवाना लागायचा, पोस्टात जाऊन दर वर्षी पैसे भरायचे आणि छोट्या पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. व्हॉल्व्हचा रेडिओ, लावल्यावर तापायलाच वेळ घ्यायचा. मग हिरवा डोळा उजळायचा.

चांद्रयान खाली टेकलं ते आपल्या वेळेनुसार पहाटे १ वाजून ४७ मिनिटांनी. चाळीतले दहा-बारा जण आमच्या खोलीत. वडिलांनी शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लावलं होतं. बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे खरखर इतकी की दहा शब्दांतले दोन कळायचे. माझं इंग्रजी बरं म्हणून मी रेडिओला कान लावून बसलेलो आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. एका क्षणी निवेदकाचा आवाज चढला, मी नुसता हात वर केला, आणि खोलीत एकच गलका झाला. खालच्या मजल्यावरचे कामत काका झोपमोड झाली म्हणून ओरडत वर आले. कारण कळल्यावर तेही तिथेच बसले.

आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं ते सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. सोमवार होता. निम्मी चाळ तोवर लोकल पकडायला बाहेर पडलेली. आमच्या मातोश्रींनी चहा उकळत ठेवला होता तो ऊतू गेला, त्यांना पत्ता नाही. एवढंच आमचं 'पाहणं'.

मुग्धा_ठाणे
आजोबा, तुमच्याकडे निदान चंद्राची चर्चा तरी होती. माझे बाबा बँकेत कारकून. त्याच शनिवारी, म्हणजे १९ जुलैला, रात्री रेडिओवर १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालं. बाबांची बँक त्यात होती. आई सांगते की रविवारभर घरात बाबांचे सहकारी येऊन बसलेले, पगाराचं काय होणार, बदल्या होणार का, हेच बोलणं. सोमवारी सकाळी शेजारच्या काकू ओरडत आल्या की माणूस चंद्रावर पोचला, तर बाबा म्हणाले, "पोचू दे, मला आज शाखेत पोचायचंय." बाबांना नंतर आयुष्यभर त्याची चुटपुट राहिली. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरत होतं तेव्हा ते पंच्याऐंशीचे. दुपारी चारपासून मोबाईल हातात धरून बसले होते, चहाला उठले नाहीत.

देवगडी
माझ्या आजीची गोष्ट सांगायलाच हवी. आजी कोकणातली, शाळा पाहिलेली नाही. सोमवारी दुपारी माझे काका तालुक्याहून बातमी घेऊन आले. आजीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कधी उतरले म्हणतोस? मध्यरात्रीनंतर? खोटं. काल रात्री मी गोठ्यात गेले तेव्हा पाऊस उघडला होता. चंद्र कधीच बुडालेला. बुडालेल्या चंद्रावर कोण उतरेल?"

काका हसले, सगळं घर हसलं. आजी मात्र शेवटपर्यंत त्या मतावर ठाम होती. मलाही लहानपणी ती गोष्ट गंमत म्हणूनच सांगितली गेली.

खगोलवेडा
देवगडी, तुमच्या आजीला माझा साष्टांग नमस्कार सांगा. त्या अगदी बरोबर होत्या!

मी आत्ता गणित मांडून बघितलं. अमावस्या १४ जुलैला होती, अष्टमीचा अर्धा चंद्र २२ ला. म्हणजे २० जुलैच्या संध्याकाळी आपल्याकडे षष्ठी-सप्तमीचा चंद्र पश्चिमेला होता आणि रात्री अकरा-साडेअकराच्या सुमारास तो मावळला. यान उतरलं १.४७ ला. तेव्हा महाराष्ट्रातून चंद्र दिसतच नव्हता. सकाळी ८.२६ लाही तो उगवलेला नव्हता, तो दुपारच्या आधी थोडा वेळ उगवला. उतरताना चंद्र होता अटलांटिक आणि अमेरिकेच्या आकाशात, पाऊल ठेवताना पॅसिफिकवर. आजींनी आकाश नीट पाहिलं होतं, त्यांच्या डोळ्यांत काही चूक नव्हती. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला तोच चंद्र डोक्यावर आहे, एवढंच त्यांना कोणी समजावून सांगितलं नाही. घरच्यांनी हसण्याऐवजी एक नारळ आणि दिवा घेऊन दाखवलं असतं तर त्यांना पाच मिनिटांत कळलं असतं.

देवगडी
हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. छप्पन्न वर्षांहून जास्त आम्ही त्या वाक्याला हसलो. आजच काकांना फोन करतो.

अनय_पुणे
अवांतर, पण सांगतो. आषाढी एकादशी त्या आठवड्यातच होती, चार-पाच दिवसांवर. म्हणजे माणूस चंद्रावर उतरला तेव्हा पालख्या पंढरपूरच्या शेवटच्या टप्प्यात होत्या. माझे आजोबा वारीत होते. ते सांगायचे, तळावर एका दुकानदाराच्या ट्रान्झिस्टरवर बातमी कळली, दिंडीतल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले आणि पुढचा अभंग घेतला. आजोबांच्या मते चंद्रावरचे ते दोघेही चालायलाच गेले होते, फक्त वाट लांबची.

पश्चिमवारा
मी पन्नासेक वर्षं अमेरिकेत आहे. आता निवृत्त. १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या एका विद्यापीठात शिकत होतो. आम्ही चौघे भारतीय विद्यार्थी एक जुनी गाडी घेऊन १५ जुलैच्या संध्याकाळीच उड्डाणतळासमोरच्या टायटसव्हिलला पोचलो. मध्ये खाडीसारखं रुंद पाणी, त्याचं नाव इंडियन रिव्हर, आणि पलीकडे दूर दिव्यांच्या झोतात पांढरं रॉकेट. ३६३ फूट उंच, पण आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर, त्यामुळे पेन्सिलीएवढं दिसायचं.

ती रात्र मी विसरणार नाही. त्या किनाऱ्यांवर आणि रस्त्यांवर मिळून दहा लाख माणसं होती असं नंतर वाचलं. गाड्यांच्या टपांवर लोक झोपलेले, शेकोट्या, डास इतके की आम्ही काचा लावून घामाघूम बसलो. शेजारी एक शेतकरी कुटुंब होतं, त्यांनी आम्हाला मक्याची कणसं दिली. आमच्याकडे आईने पाठवलेलं लिंबाचं लोणचं होतं ते आम्ही त्यांना दिलं. त्यांच्या मुलीला ते इतकं तिखट लागलं की ती पाण्याकडे पळाली आणि परत येऊन अजून मागितलं.

सकाळी ९.३२ ला उड्डाण. आधी फक्त उजेड. नारिंगी, डोळे दिपवणारा, आणि आवाज अजिबात नाही. रॉकेट हळू, अगदी हळू वर सरकलं. जवळजवळ मिनिटभराने आवाज पोचला. तो कानांनी ऐकायचा आवाज नव्हताच, छातीत आणि सदऱ्याच्या कापडात जाणवायचा. मला वाटलं होतं लोक ओरडतील. आमच्या आसपास कोणी ओरडलं नाही. तो शेतकरी टोपी काढून उभा होता आणि पुटपुटत होता, बहुधा प्रार्थना. माझा मित्र रडत होता, का ते त्यालाही सांगता आलं नाही.

पाऊल ठेवलं ते मात्र वसतिगृहाच्या टीव्हीवर पाहिलं. भुतासारख्या काळ्या-करड्या आकृत्या. सुरुवातीचं चित्र तर क्षणभर चक्क उलटं आलं होतं.

शेवगावकर
पश्चिमवारा काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. मी दुसऱ्या बाजूची आठवण सांगतो.

१९७२ चा दुष्काळ. मी अकरा वर्षांचा. आई-वडील दोघं दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या बांधावर. आई खडी फोडायची. दुपारी सुकडी मिळायची, ती मी डब्यात घेऊन धाकट्या भावाला नेऊन द्यायचो. त्याच डिसेंबरात अपोलो १७ गेलं. आम्हाला काय माहीत? पण मुकादमाकडे ट्रान्झिस्टर होता. एका संध्याकाळी तीन दगडांवर तवे चढलेले, वर कोवळा अर्धा चंद्र, आणि मुकादम म्हणाला, "आत्ता ह्या घडीला त्याच्यावर दोन माणसं हिंडतायत."

सगळ्या बायांनी माना वर केल्या. कोणी काही बोललं नाही. मग आमच्या शेजारची काकू, जिची दोन्ही जनावरं छावणीत होती, तिने विचारलं, "पानी लागलं का त्यांना तितं?"

मुकादम हसला नाही. म्हणाला, "नाही लागलं."

काकू म्हणाली, "मग कशाला र्‍हायचं तितं," आणि भाकरी उलटली.

खगोलवेडा
शेवगावकर, तुमची वेळही तंतोतंत जुळते. अपोलो १७ चे सर्नन आणि श्मिट आपल्या घड्याळाप्रमाणे १२ डिसेंबरच्या पहाटे उतरले आणि १५ च्या पहाटे निघाले. १२, १३ आणि १४ च्या संध्याकाळी आपल्याकडे अर्ध्याच्या आसपासचा चंद्र आकाशात होता आणि त्यावर खरंच दोन माणसं होती. त्यांच्यानंतर तिथे कोणीही उतरलेलं नाही.

मुग्धा_ठाणे
शेवगावकर दादा, काकूंचा प्रश्न मनातून जात नाहीये.

निनाद_औरंगपुरा
मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. अशा आठवणींवरून 'लोक उपाशी आणि हे चंद्रावर' असा सूर नेहमी लागतो. त्या खर्चातून संगणक, हवामानाचे उपग्रह, साहित्यशास्त्र किती पुढे गेलं. भूक त्या खर्चामुळे नव्हती.

शेवगावकर
निनाद, मी खर्चाला चूक म्हटलेलं नाही. पुन्हा वाचा. काकूचा प्रश्न तक्रार नव्हती. ज्या बाईच्या विहिरीला पाणी नाही, तिला चंद्राबद्दल पहिला प्रश्न पाण्याचाच पडणार. ती त्या माणसांची काळजी करत होती.

आणि पुढचं ऐका. २००९ च्या सप्टेंबरात बातमी आली की चांद्रयान-१ वरच्या उपकरणाला चंद्राच्या मातीत पाण्याचे अंश सापडले. काकू तोवर गेली होती. आई होती. मी आईला पेपर वाचून दाखवला. आई बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "सोनाबाईला सांगायला पायजे होतं."

निनाद_औरंगपुरा
माफ करा दादा. मी घाईने लिहिलं.

पश्चिमवारा
निनाद, तुमचा मुद्दा आणि हा प्रश्न तेव्हा अमेरिकेतही समोरासमोर आलाच होता. आम्ही टायटसव्हिलला पोचलो त्याच दिवशी, म्हणजे उड्डाणाच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी राल्फ अ‍ॅबरनाथी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केपला, म्हणजे उड्डाणतळापाशी, आले. नासाचे प्रमुख थॉमस पेन स्वतः त्यांना भेटायला उघड्या मैदानात गेले. पेन यांचं म्हणणं असं की उद्या बटण न दाबल्याने तुमचे प्रश्न सुटणार असतील तर आम्ही ते दाबणार नाही. त्या कुटुंबांपैकी काहींना उड्डाण बघायला आत जागाही दिली. रात्री आम्ही गाडीच्या रेडिओवर हे ऐकलं. आम्ही चौघेही अशा घरांतून आलेलो जिथे रेशनवरचा लाल मिलो (ज्वारीसारखं धान्य) खाल्लेला, आणि तो मिलो ह्याच देशातून आलेला. दोन्ही गोष्टी एकाच छातीत घेऊन आम्ही ते रॉकेट बघत होतो.

आज सगळ्यांना वाटतं की तेव्हा अख्खी अमेरिका चंद्राच्या बाजूने होती. तसं नव्हतं. त्या दशकातल्या पाहण्यांत अपोलोचा खर्च योग्य आहे असं म्हणणाऱ्यांचं बहुमत जवळपास फक्त जुलै १९६९ मध्येच दिसतं. नंतर उत्साह फार लवकर ओसरला. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या तिघांनी यानातून टीव्हीसाठी प्रक्षेपण केलं, ते मोठ्या वाहिन्यांपैकी एकीनेही थेट दाखवलं नाही. काही मिनिटांत स्फोट झाला आणि मग चार दिवस कोणी टीव्हीसमोरून हललं नाही.

मी_शंकेखोर
सगळं ठीक आहे पण मला अजूनही वाटतं की ते स्टुडिओत केलेलं असू शकतं. भुतासारखं चित्र, उलटं काय, अंधुक काय.

सिडनीकर_ऋचा
चित्र अंधुक का होतं ते मी सांगते, कारण मी पार्क्सला जाऊन आले आहे. ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समध्ये, मेंढ्यांच्या कुरणात तिथल्या रेडिओ दुर्बिणीची ६४ मीटर व्यासाची थाळी उभी आहे. चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला दहाच फ्रेम आणि ३२० ओळी पाठवायचा, कारण यानातून जास्त माहिती पाठवणं शक्य नव्हतं. घरच्या टीव्हीला ते चालेना, म्हणून भूकेंद्रावर, म्हणजे पृथ्वीवर संदेश पकडणाऱ्या केंद्रावर, एका पडद्यावर ते चित्र दाखवून समोर दुसरा कॅमेरा लावून टिपलं जायचं. त्यात चित्र आणखी बिघडायचं. उलटं आलं कारण कॅमेरा यानाच्या कप्प्यात उलटा बसवला होता. भूकेंद्रावरचं एक बटण फिरवलं की सरळ व्हायचं.

पहिली काही मिनिटं कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन आणि इथलं हनीसकल क्रीक या भूकेंद्रांचं चित्र जगाने पाहिलं, नंतरचे दोन-अडीच तास पार्क्सचं. त्या दुपारी पार्क्सला ताशी शंभर किलोमीटरहून जोराचे वारे थाळीवर आदळत होते. ती पूर्ण कललेली, म्हणजे सर्वांत धोक्याच्या अवस्थेत होती. तरी त्या माणसांनी काम थांबवलं नाही. तिथे उभं राहिलं आणि वारा सुटला की थाळी कशी कुरकुरते ते ऐकलं की कळतं.

खगोलवेडा
शंकेखोर, अपोलो ११, १४ आणि १५ ने तिथे आरसे ठेवले आहेत. आजही पृथ्वीवरून लेझर मारून त्यांच्यावरून चंद्राचं अंतर मोजतात. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातोय हे त्यातूनच कळतं. आपल्या चांद्रयान-२ च्या कॅमेऱ्यानेही अपोलो ११ ची उतरण्याची जागा टिपली आहे. आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने अपोलोने आणलेल्या दगडांचा अभ्यास केलाय. हा विषय इथेच संपवू, धागा छान चाललाय.

शशांक_६९
माझा जन्म २१ जुलै १९६९, सकाळी. सुईणबाईंनी आईला सांगितलं, "चंद्रावर माणूस गेला आणि तुमच्याकडे चंद्र आला." नाव शशांक. आमच्या वर्गात त्या वर्षी जन्मलेले दोन शशिकांत, एक चंद्रशेखर आणि एक मुलगी चंद्रिका होती. हजेरी घेताना बाई दरवेळी थबकायच्या.

कुंदा_नागपूर
शशांक, आमच्या गल्लीत एका मुलाला सगळे 'अपोलो'च म्हणायचे. त्याचं खरं नाव मला लग्नपत्रिकेत कळलं.

दादरचे_आजोबा
अपोलो ११ चे ते तिघे अंतराळवीर जगाच्या दौऱ्यावर होते तेव्हा, ऑक्टोबर १९६९ मध्ये, मुंबईलाही आले होते. मी रस्त्याच्या कडेला गर्दीत होतो. कॉलिन्स कोणता ते ओळखता आलं नाही, फक्त एक हात हलताना दिसला. जो वर एकटा थांबला होता, त्यालाच मला बघायचं होतं.

जिप_शिक्षिका
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चांद्रयान-३ च्या दिवशी शाळा सुटल्यावरही मुलांना थांबवून घेतलं. संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी यान उतरलं. नेट सारखं अडकत होतं. पडद्यावर नुसते आकडे आणि एक रेष, चंद्र दिसतही नव्हता. तरी छत्तीस पोरं श्वास रोखून. यश मिळाल्याचं कळल्यावर तिसरीतली एक मुलगी धावत बाहेर गेली आणि वर पाहून हात हलवला. मी विचारलं, कोणाला गं? म्हणाली, "विक्रमला. एकटाच आहे ना तो."

खगोलवेडा
सांजवारा, आता तुमच्या मामांकडे येऊ. पहिलं, १९६९ मध्ये टीव्ही फक्त दिल्लीत होता, आणि उपग्रहावरून चित्र घेणारं आपलं मोठं भूकेंद्र नारायणगावजवळ आर्वीला १९७१ मध्ये सुरू झालं. म्हणजे थेट प्रक्षेपण वाईत दिसणं शक्य नव्हतं. पण मामांनी काहीतरी नक्की पाहिलंय. त्यांना तीन गोष्टी विचारा. तेव्हा पाऊस होता का? चित्र रंगीत होतं की काळं-पांढरं? आणि पडदा केवढा होता?

टीव्हीवर दिसलं ते काळं-पांढरं. पण यानाच्या खिडकीतून एक फिल्मचा कॅमेराही चालू होता आणि ती फिल्म रंगीत होती. ती पृथ्वीवर आल्यावर धुतली गेली. रंग पाहिले असतील तर त्यांनी नंतरची फिल्म पाहिली.

अनय_पुणे
+१. तेव्हा अमेरिकन माहिती खात्याच्या गाड्या गावोगाव जाऊन फिल्म दाखवायच्या. आमच्या वडिलांनी शाळेच्या मैदानात अशा कितीतरी पाहिल्यात.

सांजवारा
मंडळी, उशीर झाला, पण मामांकडे जाऊन बसले होते. आधी तुमचे सगळे प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. देवगडीच्या आजींवर ते थांबले, सोनाबाईंवर तर मला वाचणं बंद करावं लागलं.

मग तीन प्रश्न विचारले. पाऊस? मामा लगेच म्हणाले, "नाही, घोंगडी होती अंगावर. थंडी होती." आणि बोलता बोलताच गप्प झाले. वाईला जुलैत घोंगडी अंगावर घेऊन कोणी मैदानात बसत नाही, हे त्यांचं त्यांनाच उमगलं.

रंग? "झेंड्याचे पट्टे लाल होते."

पडदा केवढा? इथे त्यांनी हात पसरले. "दोन बांबूंना बांधलेलं पांढरं कापड. पुढे जागा नव्हती म्हणून आम्ही पोरं कापडाच्या मागच्या बाजूला बसलो होतो." मग त्यांनी मला विचारलं, "त्या झेंड्यात चांदण्या डाव्या बाजूला असतात ना? मला कायम उजव्या बाजूला आठवतात. पुस्तकातला फोटो बघितला की मला वाटायचं, उलटा छापलाय."

मी तिथेच रडले. मामांनी सगळं खरंच पाहिलं होतं. शिडी, पाय, चिडीचूप माणसं, सगळं. फक्त सहा-सात महिन्यांनी, आणि कापडाच्या मागून.

भावाला फोन लावला. तो मामांशी दहा मिनिटं बोलला, काय ते मी ऐकलं नाही.

मग मी विचारलं, "मामा, मग त्या खऱ्या सकाळी तुम्ही कुठे होता?" त्यांनी खूप आठवून पाहिलं. गुरुजींच्या घराच्या ओट्यावर रेडिओ होता. एरियलची तार छपराच्या वाशाला बांधलेली, ती वाऱ्याने सुटत होती, म्हणून गुरुजींनी ती मामांच्या हातात धरायला दिली होती. पन्हाळीतून पाणी खांद्यावर पडत होतं. तार हलली की आवाज जायचा, म्हणून ते हालत नव्हते. आत काय सांगितलं जातंय ते त्यांना ऐकूच आलं नाही.

आता त्यांची एक विनंती आहे. दादरच्या आजोबांशी बोलता येईल का? त्या सकाळी रेडिओवर शेवटी काय ऐकू आलं ते त्यांना विचारायचंय.

दादरचे_आजोबा
व्यनि (खासगी निरोप) केला आहे. संध्याकाळी सातनंतर घरीच असतो. त्यांना म्हणावं, सावकाश वेळ काढून फोन करा, सगळं पहिल्यापासून सांगतो.